पीट मॅराविच

पीटर प्रेस मॅराविच (जन्म: २२ जून, १९४७, ॲलिक्विपा, पेनसिल्व्हेनिया, मृत्यू: ५ जानेवारी, १९८८, पॅसाडेना, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन बास्केटबॉलपटू होते. ते ‘पिस्टल पीट’ या टोपणनावाने ओळखले जात. १९६७ ते १९७० या काळात लुईझियाना स्टेट विद्यापीठाकडून (एल.एस.यू.) खेळताना त्यांनी ८३ सामन्यांत ३,६६७ गुण मिळवले. सामन्यामागे ४४.२ गुणांची ही सरासरी अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागातील उच्चांक आहे. पुढे त्यांनी नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एन.बी.ए.) या व्यावसायिक साखळीत दहा हंगाम खेळले. १९८७ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

एल.एस.यू.च्या प्रत्येक सामन्यापूर्वी प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांपुढे मॅराविच यांना कसे रोखायचे, हाच प्रमुख प्रश्न असे. तरीही त्यांच्या संघाला महाविद्यालयीन राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत एकदाही प्रवेश मिळाला नाही. एकटा खेळाडू सामन्याचा निकाल किती ठरवू शकतो, या चर्चेत त्यांच्या कारकिर्दीचे उदाहरण आजही दिले जाते.

बालपण आणि कुटुंब

मॅराविच यांचा जन्म पिट्सबर्गजवळील ॲलिक्विपा या पोलाद कारखान्यांच्या गावी झाला. त्यांचे वडील पेटार ऊर्फ ‘प्रेस’ मॅराविच हे सर्बियन स्थलांतरितांचे पुत्र होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात वैमानिक म्हणून काम केल्यानंतर प्रेस काही काळ पिट्सबर्ग आयर्नमेन या व्यावसायिक संघाकडून खेळले. त्यानंतर ते प्रशिक्षणाकडे वळले. आईचे नाव हेलन होते.

ॲलिक्विपात बहुतेक मुलांच्या वाट्याला पुढे पोलादाची भट्टीच येत असे. प्रेस यांना बास्केटबॉलने त्या भट्टीपासून दूर नेले होते. आपल्या मुलाने या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू व्हावे, अशी त्यांची तीव्र इच्छा होती आणि पीट अगदी लहान असल्यापासून त्यांनी त्याच्या हाती चेंडू दिला. १९५६ मध्ये प्रेस दक्षिण कॅरोलिनातील क्लेम्सन येथे प्रशिक्षक झाले आणि कुटुंब तेथे राहायला गेले.

प्रेस यांनी मुलासाठी चेंडू हाताळण्याच्या सरावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार केला होता. चेंडू कमरेभोवती, पायांमधून आणि पाठीमागून वेगाने फिरवणे, डोळ्यांवर पट्टी बांधून ड्रिबल करणे, सायकल चालवताना ड्रिबल करणे असे प्रकार त्यात होते. वडील मोटार चालवत असताना पीट खिडकीतून बाहेर वाकून रस्त्यावर चेंडू आपटत असत आणि वडील मोटारीचा वेग कमी-जास्त करीत असत. चित्रपटगृहात ते कडेची खुर्ची निवडत आणि चित्रपट चालू असताना बाजूच्या वाटेत ड्रिबल करीत. रात्री चेंडू जवळ घेऊनच ते झोपत. हे सर्व प्रकार त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात आणि प्रशिक्षणपर चित्रफितींत सविस्तर मांडले.

लहान वयात चेंडू डोक्यावरून फेकण्याइतकी ताकद हातात नसल्याने पीट तो कमरेजवळून, कमरपट्ट्यातून पिस्तूल काढावे तसा, वर फेकत. त्यावरून त्यांना ‘पिस्टल’ हे नाव मिळाले आणि ते कायमचे टिकले.

शालेय शिक्षण

दक्षिण कॅरोलिनातील डॅनियल हायस्कूलच्या मुख्य संघात ते आठवीत असतानाच खेळू लागले. संघातील इतर मुले वयाने आणि अंगाने बरीच मोठी होती. पुढे प्रेस यांची नेमणूक नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात झाली. १९६५ मध्ये त्यांच्या संघाने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले. याच काळात पीट रॅले शहरातील ब्रॉटन हायस्कूलमध्ये शिकत होते. त्यानंतरचे एक वर्ष (१९६५–६६) त्यांनी एडवर्ड्स मिलिटरी इन्स्टिट्यूट या निवासी शाळेत काढले.

लुईझियाना स्टेट विद्यापीठ

प्रवेश

१९६६ मध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठाने प्रेस मॅराविच यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावले. पीट यांचा ओढा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे होता. अखेर वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी एल.एस.यू.मध्ये प्रवेश घेतला.

बॅटन रूज येथील या विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलला सर्वाधिक महत्त्व होते. बास्केटबॉल संघाला स्वतःचे क्रीडागृह नव्हते. सामने जॉन एम. पार्कर कृषी सभागृहात होत. जनावरांची प्रदर्शने आणि रोडिओचे खेळही त्याच जागी भरत.

त्या काळी एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे १९६६–६७ चा हंगाम मॅराविच नवागतांच्या संघाकडून खेळले. या संघाने १८ पैकी १७ सामने जिंकले आणि मॅराविच यांची सरासरी ४३.६ गुणांची होती. त्याच हंगामात विद्यापीठाच्या मुख्य संघाला २६ पैकी केवळ ३ सामने जिंकता आले. दोन्ही संघांचे सामने लागोपाठ होत असत. नवागतांचा सामना संपताच प्रेक्षकांचा मोठा भाग मुख्य सामन्यासाठी न थांबता घरी परते.

खेळाची शैली

मॅराविच सुमारे सहा फूट पाच इंच उंच आणि अत्यंत सडपातळ होते. विस्कटलेले लांब केस आणि घोट्यावर ओघळलेले करडे मोजे ही त्यांची ओळख बनली. ते गार्ड म्हणून खेळत. चेंडू पुढे नेणे, साथीदारांना पास देणे आणि लांबून नेम साधणे ही तिन्ही कामे त्यांच्याकडे असत. पाठीमागून, पायांमधून किंवा नजर भलतीकडे ठेवून दिलेले पास त्या काळी प्रदर्शनी सामन्यांत दिसत. मॅराविच यांनी ते महाविद्यालयीन सामन्यांत नेहमीच्या वापरात आणले. जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांना हा दिखाऊपणा वाटे. प्रेस मॅराविच यांचे म्हणणे निराळे होते. चेंडू नेमक्या वेळी साथीदाराच्या हाती पोहोचत असेल, तर त्याचा मार्ग गौण आहे, असे ते मानत.

त्यांच्या फटक्यांचे प्रमाणही असाधारण होते. तीन हंगामांत मिळून त्यांनी ३,१६६ वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू मारला. म्हणजे सामन्यामागे सुमारे ३८ प्रयत्न झाले. त्यांपैकी १,३८७ यशस्वी ठरले. याशिवाय ८९३ गुण त्यांनी फ्री थ्रोमधून मिळवले. वडील प्रशिक्षक असल्यामुळे संपूर्ण संघाची रचना मुलाभोवती केली गेली, अशी टीका त्या वेळीही झाली. बहुतेक सामन्यांत एल.एस.यू.च्या एकूण गुणांचा निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या मॅराविच यांचा असे.

प्रतिस्पर्धी संघांचे डावपेच

एल.एस.यू. हा संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळत असे आणि या गटातील संघांशी त्याची दर हंगामात दोनदा गाठ पडे. त्यामुळे मॅराविच यांच्याविरुद्धच्या डावपेचांचा प्रतिस्पर्ध्यांनी बारकाईने विचार केला. एकाच वेळी दोन किंवा तीन बचावपटू त्यांच्यावर सोडणे हा नेहमीचा उपाय होता. मात्र इतके खेळाडू एकाभोवती गोळा झाले की दुसरा साथीदार मोकळा राहतो आणि मॅराविच यांचा पास त्याला शोधून काढत असे.

दोन संघांनी त्यांच्याविरुद्ध परस्परविरोधी मार्ग निवडले. टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक रे मियर्स यांनी सामन्याची गतीच कमी केली. त्या काळी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ठरावीक सेकंदांत फटका मारण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे टेनेसीचे खेळाडू चेंडू दीर्घकाळ आपल्याकडे ठेवत आणि बचावाच्या वेळी झोन पद्धतीने मॅराविच यांच्या वाटा बंद करत. चेंडू हातातच कमी वेळा आल्याने त्यांचे गुण घटत. मॅराविच यांची महाविद्यालयीन कारकिर्दीतील नीचांकी गुणसंख्या टेनेसीविरुद्धच नोंदली गेली.

ॲडॉल्फ रप यांच्या केंटकी विद्यापीठाने याउलट वेगवान खेळ केला. केंटकीविरुद्धच्या सहा सामन्यांत मॅराविच यांची सरासरी ५२ गुणांची होती, म्हणजे त्यांच्या एकूण सरासरीपेक्षाही बरीच जास्त. तरीही हे सहाही सामने केंटकीने जिंकले. केंटकीकडे गुण मिळवणारे अनेक खेळाडू होते. मॅराविच यांनी कितीही गुण केले तरी एल.एस.यू.चे उरलेले चार खेळाडू केंटकीच्या चौघांना पुरे पडत नसत. २१ फेब्रुवारी, १९७० रोजी बॅटन रूज येथे मॅराविच यांनी ६४ गुण केले. केंटकीच्या डॅन इसेल यांनी ५१ गुण केले आणि केंटकीने सामना १२१–१०५ असा जिंकला.

जॉर्जियाविरुद्धचा सामना

१९६८–६९ च्या हंगामातील अखेरचा सामना ८ मार्च, १९६९ रोजी जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध अथेन्स येथे झाला. एल.एस.यू.ने तोवर १२ सामने जिंकले होते आणि १३ गमावले होते. हंगाम तोट्यात संपणार की बरोबरीत, हे या सामन्यावर ठरणार होते. एल.एस.यू.चा संघ पिछाडीवर पडला होता. मॅराविच यांनी तो बरोबरीत आणला आणि सामना दोनदा अतिरिक्त वेळेत गेला. दुसऱ्या अतिरिक्त वेळेत विजय निश्चित झाल्यावर ते मैदानभर ड्रिबल करत वेळ काढत राहिले. अखेरच्या क्षणी त्यांनी अर्ध्या मैदानाच्या आसपासून मारलेला हुक शॉट थेट बास्केटमध्ये गेला. एल.एस.यू.ने सामना ९०–८० असा जिंकला आणि त्यात मॅराविच यांचे ५८ गुण होते. सामना संपल्यावर यजमान संघाच्या पाठीराख्यांनीही त्यांचा जयजयकार केला. एका खेळाडूने सामन्याचा निकाल प्रत्यक्ष फिरवल्याचे त्यांच्या कारकिर्दीतील हे ठळक उदाहरण मानले जाते.

अखेरचा हंगाम आणि विक्रम

१९६९–७० मध्ये एल.एस.यू.चा संघ पूर्वीपेक्षा समतोल होता. डॅनी हेस्टरसारखे उंच खेळाडू बास्केटजवळ उभे राहू लागले आणि मॅराविच यांच्या पासचे रूपांतर गुणांत होऊ लागले.

३१ जानेवारी, १९७० रोजी मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध (ओल मिस) मॅराविच यांनी ऑस्कर रॉबर्टसन यांचा २,९७३ गुणांचा महाविद्यालयीन विक्रम मागे टाकला. हा विक्रम रॉबर्टसन यांनीही तीन हंगामांत केला होता. विक्रमी फटका पडताच सामना काही काळ थांबवावा लागला. त्या दिवशी मॅराविच यांचे ५३ गुण झाले.

आठवडाभराने, ७ फेब्रुवारी रोजी, टस्कलूसा येथे अलाबामा विद्यापीठाविरुद्ध त्यांनी ६९ गुण केले. हा त्यांचा एका सामन्यातील उच्चांक ठरला. सामना मात्र अलाबामाने १०६–१०४ असा दोन गुणांनी जिंकला.

हंगामाच्या शेवटी एल.एस.यू.ने २२ सामने जिंकले होते आणि १० गमावले होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये संघ केंटकीच्या मागे राहिला. त्या काळी एन.सी.ए.ए. स्पर्धेत २५ संघांना प्रवेश मिळे आणि प्रत्येक गटातून केवळ विजेता संघ पात्र ठरे. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावरील एल.एस.यू.ला तेथे स्थान नव्हते.

नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट

एल.एस.यू.ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट (एन.आय.टी.) या स्पर्धेचे निमंत्रण मिळाले. देशभरातील वृत्तपत्रांचे प्रतिनिधी तेथे मुख्यतः मॅराविच यांना पाहण्यासाठी आले होते. पहिल्या सामन्यात एल.एस.यू.ने जॉर्जटाउनला ८३–८२ असे एका गुणाने हरवले. मॅराविच यांना त्या सामन्यात फक्त २० गुण मिळाले आणि विजयाचा भार साथीदारांनी उचलला. दुसऱ्या सामन्यात ओक्लाहोमावर ९७–९४ असा विजय मिळाला. त्यात मॅराविच यांचे ३७ गुण होते.

उपांत्य सामन्यात गाठ अल मॅग्वायर यांच्या मार्क्वेट विद्यापीठाशी पडली. मार्क्वेटने एन.सी.ए.ए.चे निमंत्रण नाकारून या स्पर्धेत भाग घेतला होता आणि पुढे विजेतेपदही मिळवले. त्यांच्या शिस्तबद्ध बचावापुढे मॅराविच २० गुणांवर थांबले. एल.एस.यू.चा १०१–७९ असा पराभव झाला. तिसऱ्या क्रमांकासाठी आर्मीविरुद्ध झालेल्या सामन्यात दुखापतीमुळे मॅराविच खेळले नाहीत आणि तोही सामना संघाने गमावला. त्यांची महाविद्यालयीन कारकीर्द येथे संपली. त्या वर्षी त्यांना देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठीचा नेस्मिथ पुरस्कार मिळाला.

महाविद्यालयीन आकडेवारी

• १९६७–६८: २६ सामने, १,१३८ गुण, सरासरी ४३.८, संघाचे १४ विजय, १२ पराभव
• १९६८–६९: २६ सामने, १,१४८ गुण, सरासरी ४४.२, संघाचे १३ विजय, १३ पराभव
• १९६९–७०: ३१ सामने, १,३८१ गुण, सरासरी ४४.५; संघाचे २२ विजय, १० पराभव
• एकूण: ८३ सामने, ३,६६७ गुण, सरासरी ४४.२

यांपैकी २८ सामन्यांत त्यांनी ५० किंवा त्याहून अधिक गुण केले.

मूल्यमापन

मॅराविच यांनी खेळलेल्या ८३ सामन्यांपैकी एल.एस.यू.ने ४९ जिंकले आणि ३४ गमावले. या आकड्यांचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. इतके गुण एका खेळाडूकडून येऊनही संघ मोठे विजेतेपद मिळवू शकला नाही, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. टेनेसी, केंटकी आणि मार्क्वेट या तिन्ही संघांनी वेगवेगळ्या मार्गांनी हेच दाखवून दिले, असे त्यांचे म्हणणे असते. उलट, हंगामात ३ सामने जिंकणारा संघ तीन वर्षांत २२ विजयांपर्यंत पोहोचला, ही बाब त्यांचे समर्थक पुढे करतात. संघाचा सर्वांत यशस्वी हंगाम साथीदार सर्वाधिक बळकट असतानाचा होता, हेही नोंदवण्याजोगे आहे.

या विक्रमांना काळाची चौकटही आहे. तेव्हा महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा नव्हती आणि लांबून मारलेल्या फटक्यालाही दोनच गुण मिळत. ही रेषा १९८६–८७ पासून सर्वत्र लागू झाली. एल.एस.यू.चे नंतरचे प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी मॅराविच यांच्या फटक्यांच्या नोंदी तपासल्या आणि रेषा असती तर त्यांची सरासरी ५७ गुणांच्या आसपास गेली असती, असा अंदाज मांडला. दुसऱ्या बाजूला, साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी दरवाजे तेव्हा नुकतेच उघडायला सुरुवात केली होती. या गटातील पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, व्हँडरबिल्टचे पेरी वॉलेस, मॅराविच यांच्याच वर्षी मुख्य संघात आले. मॅराविच यांच्या काळात एल.एस.यू.च्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्यामुळे देशातील अनेक गुणी खेळाडूंशी त्यांचा सामना महाविद्यालयीन पातळीवर झालाच नाही.

व्यावसायिक कारकीर्द

१९७० च्या निवड प्रक्रियेत अटलांटा हॉक्सने मॅराविच यांना तिसऱ्या क्रमांकावर निवडले. त्यांच्याशी झालेला सुमारे १९ लाख डॉलरचा करार त्या काळातील सर्वांत मोठ्या करारांपैकी एक होता. अनुभवी खेळाडूंच्या मानाने नवख्या खेळाडूला मिळालेल्या या रकमेमुळे संघात नाराजी निर्माण झाली. चार हंगामांत मॅराविच यांनी भरपूर गुण केले. मात्र संघ मोठे यश मिळवू शकला नाही.

१९७४ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या नव्या संघाने अनेक खेळाडू आणि भावी निवडीचे हक्क देऊन मॅराविच यांना आपल्याकडे घेतले. लुईझियानात ते आधीच लोकप्रिय होते. त्यामुळे नव्या संघाला प्रेक्षक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या आई हेलन यांनी आत्महत्या केली.

१९७६–७७ चा हंगाम त्यांच्या व्यावसायिक कारकिर्दीतील सर्वोत्तम ठरला. ३१.१ गुणांच्या सरासरीने ते एन.बी.ए.मध्ये अव्वल राहिले. २५ फेब्रुवारी, १९७७ रोजी त्यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ६८ गुण केले. गार्ड म्हणून खेळणाऱ्या खेळाडूची ती तोवरची सर्वोच्च गुणसंख्या होती. १९७८ च्या प्रारंभी हवेत उडी मारून पायांमधून पास देताना त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यानंतर त्यांना पूर्वीचा वेग पुन्हा मिळाला नाही.

१९७९ मध्ये जॅझ संघ युटा राज्यात हलवण्यात आला. जानेवारी १९८० मध्ये त्याने मॅराविच यांना करारमुक्त केले. त्या हंगामाचा उरलेला भाग ते बोस्टन सेल्टिक्सकडून खेळले. एन.बी.ए.ने तीन गुणांची रेषा त्याच हंगामात स्वीकारली होती. मॅराविच यांनी तिच्याबाहेरून केलेल्या १५ प्रयत्नांपैकी १० यशस्वी ठरले. पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांनी निवृत्ती घेतली आणि १९८१ मध्ये सेल्टिक्सने विजेतेपद जिंकले. व्यावसायिक कारकिर्दीत त्यांनी ६५८ सामन्यांत १५,९४८ गुण केले आणि पाच वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी त्यांची निवड झाली.

निवृत्तीनंतरचे जीवन

मॅराविच यांनी १९७६ मध्ये जॅकी यांच्याशी विवाह केला. त्यांना जेसन आणि जोशुआ असे दोन पुत्र झाले. महाविद्यालयीन काळापासूनच ते मद्याच्या आहारी गेले होते आणि निवृत्तीनंतर काही वर्षे ते लोकांपासून दूर राहिले. मनःशांतीच्या शोधात त्यांनी योग, हिंदू तत्त्वज्ञान आणि शाकाहार यांचाही अवलंब करून पाहिला. १९८२ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मश्रद्धा स्वीकारली आणि पुढील आयुष्यात ते तिचा प्रसार करीत राहिले. मुलांसाठी बास्केटबॉल शिबिरे आणि प्रशिक्षणपर चित्रफितींचे कामही त्यांनी केले. वडिलांनी शिकवलेले सरावप्रकार या चित्रफितींतून नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

१९८७ हे वर्ष त्यांच्यासाठी गौरवाचे आणि दुःखाचेही ठरले. एप्रिलमध्ये प्रेस मॅराविच यांचे कर्करोगाने निधन झाले. अखेरच्या काळात पीट यांनी वडिलांची सेवा केली होती. त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये पीट यांचा समावेश झाला आणि ‘एअर टू अ ड्रीम’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले.

मृत्यू

जानेवारी १९८८ मध्ये एका ख्रिस्ती नभोवाणी कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणासाठी मॅराविच कॅलिफोर्नियाला गेले होते. ५ जानेवारीच्या सकाळी पॅसाडेना येथील एका चर्चच्या व्यायामशाळेत ते काही जणांबरोबर हौशी सामना खेळले. खेळाच्या विश्रांतीत ते अचानक कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ४० वर्षांचे होते.

शवविच्छेदनात असे आढळले की, हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य रोहिण्यांपैकी डावी रोहिणी त्यांना जन्मतःच नव्हती. उजव्या रोहिणीने आयुष्यभर दोन्ही बाजूंचा भार वाहिला होता. हा दोष त्यांच्या हयातीत कधीच लक्षात आला नव्हता. अशा हृदयासह त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ इतक्या श्रमाचा खेळ खेळला, याचे डॉक्टरांनाही आश्चर्य वाटले. त्यांचे दफन बॅटन रूज येथे करण्यात आले.

वारसा

मॅराविच यांच्या काळात एल.एस.यू.च्या सामन्यांना गर्दी होऊ लागल्यावर विद्यापीठाने बास्केटबॉलसाठी मोठे सभागृह उभारले. ते १९७२ मध्ये सुरू झाले. मॅराविच स्वतः तेथे महाविद्यालयीन सामना खेळू शकले नाहीत. मात्र १९८८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर सभागृहाला ‘पीट मॅराविच असेंब्ली सेंटर’ असे नाव देण्यात आले. त्यांचा २३ क्रमांक विद्यापीठाने २००७ मध्ये निवृत्त केला आणि २०२२ मध्ये सभागृहाबाहेर त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

१९९६ मध्ये एन.बी.ए.ने जाहीर केलेल्या पन्नास सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव होते. त्या यादीत हयात नसलेले ते एकमेव खेळाडू होते. २०२१ मध्ये एन.बी.ए.च्या ७५ व्या वर्षानिमित्त काढलेल्या यादीतही त्यांचा समावेश झाला. त्यांच्या शालेय जीवनावर ‘द पिस्टल: द बर्थ ऑफ अ लेजंड’ हा चित्रपट निघाला.

पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एकूण गुणांचा त्यांचा विक्रम अबाधित आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचे अँटोइन डेव्हिस त्याच्या अगदी जवळ पोहोचले. पाच हंगामांत १४४ सामने खेळून त्यांचे गुण ३,६६४ झाले, म्हणजे विक्रमाला तीनच गुण कमी पडले. ३ मार्च, २०२४ रोजी आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क यांनी ३,६६७ गुणांचा टप्पा ओलांडला. पुरुष आणि महिला अशा दोन्ही विभागांचा एकत्रित विक्रम तेव्हापासून क्लार्क यांच्या नावावर आहे. डेव्हिस आणि क्लार्क यांना तीन गुणांची रेषा उपलब्ध होती आणि प्रथम वर्षापासून मुख्य संघात खेळण्याची परवानगीही होती. मॅराविच यांनी आपले गुण या दोन्ही सवलतींशिवाय, तीन हंगामांत मिळवले होते.